न्यूझीलंडमध्ये डिपर देऊ नका

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोघं न्यूझीलंडला चाललोय. क्वीन्सटाउनला भाड्याची गाडी घेऊन मिलफर्ड साउंड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी) एका दिवसात करून यायचा बेत आहे. 22 वर्षं आंबा घाटात गाडी चालवतोय, आणि तिथंही वाहतूक डावीकडूनच. मग वेगळी तयारी ती काय करायची? इंटरनॅशनल परमिट काढावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कागदांचं आधी उरकते. लायसन्स मुदतीत असेल आणि त्यावरचा मजकूर इंग्रजीत असेल, तर पर्यटकाला तिथं तेवढं पुरतं. तरी गाडी देणाऱ्या कंपनीला मेल टाकून विचारा. परमिट मागत असतील तर आरटीओतून हजार रुपयांत वर्षभराचं मिळतं. मूळ कार्ड मात्र खिशात हवंच.

आता घाटाबद्दल. डावी बाजू आपलीच म्हणून मीही निर्धास्त होते. पण न्यूझीलंडमध्ये हायवेवरसुद्धा एकपदरी पूल लागतात. निळ्या पाटीवर तुमच्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल, तर आधी तुम्ही जायचं. लाल कडेच्या गोल पाटीवर तुमचा बाण छोटा आणि लाल असेल, तर थांबायचं. माझ्या बाजूला पांढरा बाण होता. समोरून गाडी येताना दिसली, आणि हात सवयीने डिपरवर गेला. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘थांब, मी येतेय’. समोरच्या आजोबांनी तो ‘या, या’ असा घेतला! पुलावर समोरासमोर आलो, आणि मला रिव्हर्स घ्यावा लागला. आजोबांनी जाताना हात हलवून आभारही मानले.

दुसरी सवय लाल सिग्नलला डावीकडे सटकायची. हिरवा बाण लागल्याशिवाय तिथं तसं चालत नाही. आणि मागे दोन-चार गाड्या साचल्या, की जागा बघून बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. यात कमीपणा नाही.

एका दिवसाचा बेत मात्र सोडा. एका बाजूचं अंतर 290 किलोमीटरच्या आसपास, न थांबता चार तास. वर बोटीची फेरी. त्यापेक्षा वाटेतल्या ‘ते आनाऊ’ या गावी मुक्काम करा आणि टाकी तिथंच भरा. पुढे बऱ्याच भागात फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. वहिनी गाडी चालवत असतील तर भाडेकरारात त्यांचंही नाव घाला.