ड्रमवरचे ठिबक आणि टोमॅटोचे काळे पडणारे बूड

गच्चीवर २४ ग्रोबॅग, ड्रमला जोडलेले ठिबक, शेवटच्या बॅगांना पाणी पोचत नाही आणि रोज पाणी देऊनही टोमॅटोचे बूड काळे पडते, असे तुम्ही लिहिले आहे. दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. एकूण पाणी कमी नाही, ते सारखे पडत नाही.

आधी दाब पाहा. ड्रममधले पाणी ड्रीपरपेक्षा १ मीटर उंच असेल तर ०.१ बार (बार हे दाबाचे एकक) दाब मिळतो आणि ड्रीपरवर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडावर, लिहिलेला तासाला '४ लिटर' हा आकडा १ बारचा असतो. साध्या ड्रीपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने घटतो, म्हणून १ मीटर उंचीवर तोच ड्रीपर तासाला साधारण सव्वा लिटर देतो. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे ड्रीपर, इतक्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत. असतील तर आधी ते काढा.

दुसरा संशय नळीवर. तयार किटमधली ४ मिमीची बारीक नळी नळाच्या दाबासाठी ठीक असते, पण ड्रमवर तीच मुख्य नळी केली तर सगळा दाब पहिल्या पाच-सहा बॅगांत संपतो. मुख्य नळी १६ मिमीची काळी घ्या आणि प्रत्येक बॅगेकडे बारीक नळीचा हातभर तुकडाच काढा. ड्रमच्या तोटीलगत १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर हवाच. नळी कठड्यावरून वर चढवून खाली उतरवू नका, त्या उंचवट्यात हवा अडकते. स्टँडवर ३० सेंमी उंच ठेवलेल्या बॅगेला बाकीच्यांपेक्षा कमीच मिळणार. तिला दोन ड्रीपर द्या.

मग १५ मिनिटे प्रत्येक ड्रीपरखाली वाटी ठेवून पाणी मोजा. पहिल्या आणि शेवटच्या वाटीत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला, तर मुख्य नळीच्या टोकाची टोपी काढून नळी धुवा. बोअरचे जड पाणी असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवले की तो सुटतो.

२०० लिटरचा भरलेला ड्रम २०० किलोंच्या वर जातो. तो स्लॅबच्या मध्यावर नको, भिंतीलगत किंवा बीमवर ठेवा. तोंडाला कापड घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास तिथेच होईल.

आता टोमॅटो. फळापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबरच जाते. बॅग एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी चिंब, असे झाले की फळाच्या टोकाला ते पुरत नाही आणि बूड काळे पडते. अंड्याची टरफले घालून लगेच काही साधत नाही, ती विरघळायला महिने लागतात. काळी पडलेली फळे तोडून टाका, ती सुधारत नाहीत.

१२ इंची बॅगेतल्या फळांनी भरलेल्या टोमॅटोच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये दिवसाला दीड ते दोन लिटर लागते, मिरचीला साधारण एक. टोमॅटोला दोन ड्रीपर, मिरचीला एक आणि सकाळी तासभर तोटी, एवढे पुरते. पण अंदाज घड्याळावर सोडू नका. बोट दोन इंच आत घाला: वाफसा, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे अशी स्थिती, असेल तर थांबा. भर दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली तर मुळांशी पाणी आहे.

एक फसवणूक हमखास होते. बॅगेतले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण वाळले की पाणी शोषतच नाही. पाणी कडेने घसरून भोकातून बाहेर येते आणि बॅग भिजली असे वाटते. अशी बॅग उचलून पाहा, हलकी लागेल. झारीने अर्धा लिटर द्या, दहा मिनिटे थांबा, पुन्हा द्या. तीन-चार वेळा केले की ते परत पाणी धरते. त्यानंतर वर दोन इंच पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका.