उत्तरपत्रिका हाती नसलेली बाई

प्रिय मैत्रीण,

१४ वर्षे शाळेत गणित शिकवून तुम्ही सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रशिक्षण विभागात आलात, पुढे टीम लीड झालात, आणि आता ३० अभियंत्यांच्या विभागाचे प्रमुखपद समोर आले असताना ‘मी मुळात शाळेतली बाई, कधीतरी पितळ उघडे पडेलच’ या भीतीने नकार कळवण्याच्या विचारात आहात, असे तुम्ही लिहिले आहे. तो नकार आज तरी कळवू नका.

तुमच्या वाटेने गेलेली पहिली स्त्री तुम्ही नाही. अमेरिकेत शाळेत गणित शिकवणाऱ्या डोरोथी व्हॉन १९४३ मध्ये लँग्लीच्या विमान-संशोधन प्रयोगशाळेत हिशेबाच्या कामावर गेल्या, १९४९ मध्ये तिथल्या एका गणनविभागाच्या प्रमुख झाल्या, आणि हाताने होणारी आकडेमोड संगणक करू लागेल हे ओळखून फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या व ती सहकारी स्त्रियांनाही शिकवली. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरही आधी कॉलेजात गणिताच्या प्राध्यापिका होत्या. गणिती चिन्हांना बिचकणाऱ्या माणसांना साध्या इंग्रजी शब्दांत संगणकाला आज्ञा देता याव्यात, हा त्यांचा हट्ट मला तरी अस्सल शिक्षिकेचाच वाटतो.

तुम्हाला तरुण अभियंत्यांइतका वेगाने कोड लिहिता येत नाही, हे खरे आहे, पण त्या पदावर ते तुमचे काम नाही. कोड रिव्ह्यूमधली, म्हणजे एकमेकांचा कोड तपासतानाची, चर्चा समजेल आणि नेमका प्रश्न विचारता येईल इतकी तयारी मात्र हवी. त्यासाठी एखाद्या अनुभवी सहकाऱ्याकडे आठवड्यातून दोन तास विद्यार्थिनी होऊन बसा. मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वर्गात प्रश्न विचारण्याआधीच उत्तर आपल्याला ठाऊक असते, आणि ती सवय अंगात इतकी मुरते की समोरच्याच्या कामावर लाल पेन फिरवल्याशिवाय राहवत नाही. (मीही काही वर्षे शिकवले आहे, घरची किराणा यादीसुद्धा तपासत असे.) नव्या विभागात बहुतेक प्रश्नांची उत्तरे कोणालाच ठाऊक नसतील, आणि ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ हे वाक्य तुम्हाला सगळ्यांसमोर, न अडखळता म्हणावे लागेल.

होकार देण्यापूर्वी नेमणुका, कामाचे वार्षिक मूल्यमापन आणि विभागाचा खर्च यांचे अधिकार तुमच्याकडे असतील का, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या, कारण अधिकाराविना दिलेले प्रमुखपद ही नुसती दारावरची पाटी असते. पगाराची बोलणी करताना शाळेतल्या पगाराचा उल्लेख तुम्ही होऊन करू नका; त्या पदावर आधी असलेल्या व्यक्तीला किती मिळत होते, तेथून सुरुवात करा.