कोकणचे किनारे वाचवण्यासाठी विदर्भाच्या कराचा पैसा का वापरावा?

कोकणातील किनाऱ्यांची धूप थांबवण्याचा खर्च, ज्याने कदाचित समुद्र पाहिलाही नसेल अशा विदर्भातील माणसाच्या करातून का व्हावा, असे आपण विचारले आहे. मी विदर्भातल्याच ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेच्या काठी धान पिकवतो. माझ्या मते हा पैसा द्यावा. मात्र तो दगडी भिंतीसाठी नव्हे, तर किनाऱ्यावर वाळू टाकण्यासाठी द्यावा.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात आमची पाऊण एकर बांधी (धानाचे शेत) काठासकट नदीत गेली. नदीने पात्र बदलल्याने जमीन गेल्यास तेव्हा हेक्टरी ३७,५०० रुपयांचा दर होता, म्हणजे आमच्या वाट्याला हिशेबाने अकरा हजारांच्या आसपास रक्कम येत होती. सातबाऱ्यावर ती बांधी आजही आहे, तिच्यावरून पाणी वाहते एवढेच. किनाऱ्यावरच्या कोळ्याचे अंगण समुद्राने नेले तर त्याची अवस्था याहून वेगळी नसते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय मदत निकषांत चक्रीवादळ, पूर, गारपीट या आपत्ती आहेत, पण किनाऱ्याच्या धुपेला त्यांत स्वतंत्र स्थान नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली, आणि ती नदी व समुद्र या दोन्हींच्या धुपेसाठी एकत्र केली. त्यामुळे सरकारी हिशेबात आम्ही आणि तो कोळी एकाच रांगेत उभे आहोत. देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असताना ही रक्कम थोडीच म्हणावी लागेल.

वाळूचे नाते त्याहून जवळचे आहे. आमच्याकडची रेती (आम्ही वाळू म्हणत नाही) वैनगंगेतून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. ती वाटेत धरणांत अडली किंवा रेतीघाटांवरून ट्रॅक्टरने उचलली गेली, तर गोदावरीच्या मुखाकडच्या किनाऱ्यांना मिळणारा गाळ तेवढा घटतो. कोकणातील नद्या आखूड आणि वेगळ्या आहेत, तेव्हा तेथील धुपेचा दोष आमच्या माथी येत नाही. परंतु ज्या कामात काठावर राहणाऱ्याचा हात नसतो त्याचे नुकसान त्याच्याच पदरी पडते, हे दोन्हीकडे खरे आहे.

भिंत बांधावी की वाळू टाकावी, हे ठरवण्यासाठी पुदुच्चेरीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९८० च्या दशकात तेथे बंदर बांधले गेले, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण (वाळूचा किनारा) नाहीशी झाली. दगडांची रास टाकून रस्ता वाचला, पण पुळण परतली नाही. पुढे २०१८ च्या सुमारास पाण्याखाली पोलादी अडसर बसवून आणि बंदरातून उपसलेली वाळू टाकून ती बरीचशी परत मिळवण्यात आली. आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा म्हणजे बहुधा दगडांची भिंत असते. लाट तिच्यावर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत संपते तेथून पुढची धूप वाढते. हे काम डोळ्यांना दिसते म्हणून पुढाऱ्यांना आवडते, असे मला वाटते.

आशियाई विकास बँकेने २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या किनारा संरक्षणासाठी ४.२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्याची परतफेड सरकारी तिजोरीतूनच व्हायची आहे, म्हणजे आपण या खर्चात आधीच भागीदार आहोत आणि त्याचा जाब विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. वाळू एकदा टाकून काम संपत नाही. नेदरलँड्स १९९० पासून आपली किनारारेषा जागच्या जागी राखण्यासाठी सातत्याने वाळू टाकत आले आहे. आम्ही बांधीची धुरे (बांध) दरसाल पावसाळ्याआधी नीट करतो, तसेच ते आहे. म्हणून देखभालीचा पैसा आधी बाजूला ठेवल्याशिवाय मंजुरी देऊ नये, ज्याच्या बंदराने वाळू अडवली त्याच्याकडून वाटा घ्यावा, आणि ज्या पुळणीवर सामान्य माणसाला पाय ठेवता येत नाही तिच्यासाठी, म्हणजे एखाद्या रिसॉर्टच्या खाजगी अंगणासाठी, आमच्या कराचा रुपयाही खर्च करू नये.