पन्नास वर्षं काही नाही, मग आत्ताच का?

"मॅडम, बाबा सैन्यातून आले, नोकरी केली, आमची लग्नं लावली, कधी काही झालं नाही, मग आता पंचाहत्तरीत हे रात्रीचं ओरडणं कुठून आलं?" ठाणे शहरात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की एकदा नीट लिहूनच टाकते. मे 2025 मध्ये देशभर मॉक ड्रिल झालं, टीव्हीवर दिवसभर भोंगे, त्यानंतर तर असे फोन वाढलेच. त्यातल्या एका काकांचं सांगते, त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

काका 1971 च्या युद्धात जम्मूकडच्या छांबच्या आघाडीवर होते, तिथेच पाकिस्तानच्या हाती सापडले आणि कैदेतून डिसेंबर 1972 मध्ये वाघा बॉर्डरवरून परत आले. मग वागळे इस्टेटमध्ये सिक्युरिटीची नोकरी, डबल ड्युट्या. काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलाला भीती वेगळीच होती, "उशीखाली पोळीचे तुकडे सापडतात, विसरायला लागलेत का?" मी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावलं. स्मरणशक्ती ठणठणीत निघाली.

युद्धात काय झालं हे मी कधीच आधी विचारत नाही. पोळीचं विचारलं. काकांनी तळहात पुढे केला, "एवढी. जाड, कडा कच्च्या. अर्धी खायची, अर्धी रात्रीला." आणि बोलता बोलता माझ्या टेबलावरचा टिश्यू चार घड्या करून मांडीखाली सरकवला, त्यांना कळलंही नाही.

सहाव्या भेटीत म्हणाले, "ताई, मारहाणीचं काही नाही हो. ते सांगता येतं."

मी गप्प बसले. बराच वेळ.

"गावात वाजतगाजत नेलं मला. गर्दीत शेजारची मावशी, तिचा पोरगा माझ्याच तुकडीत. तार आली होती घरी, पण मढं नाही. माझा दंड धरून म्हणाली, तू बघितलास का रं त्याला? बघितलं होतं, दहा पावलांवर. मी म्हणालो, नाही मावशी. म्हातारी मरेस्तोवर वाट बघत बसली."

"यात तुमची चूक नाही" हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. पंधरा वर्षांत एवढं शिकलेय की माणसाने पन्नास वर्षं स्वतःवर खटला चालवलाय आणि आपण दोन मिनिटांत माफी देऊन टाकली तर तो पुन्हा गप्प होतो. मी एवढंच विचारलं, "आत्ता मावशी समोर बसल्यात. काय सांगाल?"

काका उठून उभे राहिले, पाठ ताठ. "मावशी, लगेच गेला. पाणीसुद्धा मागितलं नाही. मी जवळ होतो." आणि मग ढसाढसा रडले. मीही डोळे पुसले, लपवलं नाही.

आता "आत्ताच का" याचं उत्तर. ड्युटी, हप्ते, पोरांची शिक्षणं, बायकोची सोबत हे सगळं आठवणींच्या भांड्यावरचं झाकण असतं, रिटायरमेंट येते, जोडीदार जातो, त्यात एखादा भोंगा वाजतो आणि झाकण उडतं. हे वेड नाही. माझं ठाम मत आहे की आठवणीला ऐकणारा मिळाला की ती हळूहळू बसते, आणि "आता विसरा हो" म्हणणारा मिळाला तर रात्रीच येते. किती मारले, हे नातवंडांनाही विचारू देऊ नका. झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका, लांबून नाव घेऊन हाक मारा, लाइट लावा. झोप पार गेली, दारू वाढली, तर डॉक्टर हवाच. "जगून काय करू" असं बोलणं आलं तर थांबूच नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फ्री आहे, दिवसरात्र चालू. माजी सैनिक असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

पोळीचं म्हणाल तर ती मी बंद करायला लावली नाही. सुनेने उशाशी झाकणाचा छोटा डबा ठेवलाय, रात्री काका स्वतः त्यात अर्धी पोळी ठेवतात.

दिवाळीत गावी गेले होते, मावशीच्या धाकट्या मुलाकडे दोन तास बसले म्हणे. काय बोलले ते मी विचारलं नाही.