मुलीसोबत वाटून घेतलेला नोकरीतला अभिमानाचा क्षण: घाटातली माझी शेवटची फेरी

तुम्ही विचारलंय, ‘नोकरीतला अभिमानाचा क्षण मोठ्या झालेल्या मुलांनी स्वतः पाहिला, असं कुणाच्या बाबतीत घडलंय का?’ माझ्या बाबतीत घडलंय, तेही निवृत्तीच्या दिवशी.

मी रेल्वेत लोको पायलट होतो. आमच्या वेळी ड्रायव्हरच म्हणायचे. मुलगी लहान असताना रात्री दोनला कॉलमन, म्हणजे ड्युटीचा निरोप आणणारा माणूस, क्वार्टरचं दार वाजवायचा, मी लाइन बॉक्स, म्हणजे ड्युटीच्या सामानाची पेटी, उचलून निघायचो. तिचे वाढदिवस, शाळेची संमेलनं, दहावीचा निकाल, बहुतेक वेळा मी बाहेरगावी कुठल्यातरी रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत. ‘बाबा लाइनवर आहेत’ एवढंच तिला माझ्या कामाबद्दल माहीत. इंजिनात घरच्यांना नेता येत नाही, त्यामुळे दाखवणार तरी काय?

शेवटची फेरी पुण्याहून मुंबईची होती. मुलीचं लग्न झालेलं, म्हणजे माझ्या रेल्वेच्या पासावर तिचं नाव नाही. तिनं स्वतःचं तिकीट काढलं, इंजिनामागून तिसरा डबा.

आदल्या रात्री जेवताना तिनं विचारलं, ‘बाबा, घाटात गाडी मधेच का थांबते हो?’ पस्तिशीच्या मुलीनं पहिल्यांदा माझ्या कामाचा प्रश्न विचारला होता. मी ताट बाजूला सारून सांगत बसलो. लोणावळा ते कर्जत २८ किलोमीटर. १८६३ साली सुरू झालेला हा बोरघाट. उतार ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर खाली. एवढ्या उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा लावून सोडले, तर ब्रेकच्या पाइपात हवा परत भरायला वेळ मिळत नाही आणि गाडी हातातून जाते. म्हणून मंकी हिल, ठाकूरवाडी इथं कॅच साइडिंग आहेत. म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारे, चढत जाणारे रुळांचे फाटे. सांधे, म्हणजे गाडीची वाट बदलणारे रूळ, आधीपासून त्या चढत्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी पूर्ण थांबली, ताब्यात आहे हे दिसलं, की मगच मुख्य मार्गाचे सांधे लागतात आणि सिग्नल मिळतो. नाही थांबली तर ती फाट्यावर चढून थांबते, खालची माणसं वाचतात.

‘म्हणजे दर वेळी तुम्हाला थांबून दाखवावं लागतं?’ ती म्हणाली. इतक्या वर्षांत असं नेमकं मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

सकाळी साइन ऑन केलं, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावली, दारू प्यायलेली नाही ना म्हणून श्वासाची तपासणी झाली, असिस्टंटबरोबर सिग्नल पुकारत निघालो. लोणावळ्यापर्यंतचं फारसं आठवत नाही. घाटात उतरलो तसं लक्ष पूर्ण हातावर आलं. आताच्या इंजिनात उतारावर मोटारीच वीज तयार करून वरच्या तारेत परत पाठवतात आणि गाडी आवरतात. जुन्या इंजिनांवर शिकलेल्या माझ्यासारख्याला त्याचं कौतुक आजही वाटतं. ठाकूरवाडीला लाल. शेवटचे काही मीटर मी गाडी इतकी अलगद आणली की असिस्टंटनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मुंबईला हार झाले, फोटो झाले, सहकाऱ्यांनी पेढे वाटले. त्याचं मला विशेष नाही. मुलगी गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, ‘बाबा, ठाकूरवाडीला गाडी कधी थांबली कळलंच नाही. शेजारचे एक काका वैतागले होते, इथं का थांबवली म्हणून. मी त्यांना कॅच साइडिंग समजावून सांगितलं. अख्खा कप्पा ऐकत होता. मग सांगितलं, गाडी माझे बाबा चालवतायत.’

तुम्ही विचारलेला क्षण माझ्यासाठी हा. मी फलाटावर रडलो, आणि सांगायला मला संकोच वाटत नाही.

ती महिन्यातून एकदा कामासाठी मुंबईला जाते. घाटात रेंज मिळाली की फोन येतो, ‘बाबा, ठाकूरवाडी. थांबलोय.’ मग आम्ही दोघंही काही बोलत नाही. गाडी हलली की ती ‘मिळाला’ म्हणते आणि फोन ठेवते.