‘अस्सल वारली’ लिहावं की ‘पारंपरिक वारली’?

ऐरोलीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न : बेलापूरच्या अर्बन हाटात वारली चित्रं मांडायची आहेत. बाहेरगावची मंडळी ‘ओरिजिनल आहे का?’ विचारतात. पाटीवर ‘अस्सल’, ‘मूळ’, ‘पारंपरिक’ यांतलं काय लिहावं?

‘अस्सल’ लिहा. अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ, मुळी. मराठीच्या जिभेवर अक्लची अक्कल झाली, शक्लची शक्कल, नक्लची नक्कल, तसंच अस्लचं अस्सल. जुन्या सरकारी दफ्तरात अस्सल आणि नक्कल ही जोडीच होती. अस्सल पत्र म्हणजे ज्याचं म्हणून सांगितलंय त्याच्याकडूनच निघालेलं. ते काल लिहिलेलं असलं तरी अस्सलच. हा शब्द वय विचारत नाही, ‘कोणाकडून आलं?’ एवढंच विचारतो. आणि वारली समाजात लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, पत्रासारखाच ‘लिहितात’, त्यामुळे हा शब्द इथे फारच चपखल बसतो.

गिऱ्हाईक चुकतं ते इथेच. तांदळाच्या पिठाऐवजी पांढरा पोस्टर रंग दिसला की त्याला चित्र खोटं वाटतं. पण पिठाचा रंग कापडावर घडीत तडकतो, खपल्या पडतात, म्हणून चित्रकारानेच तो बदललेला असतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर आणलं, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम अस्सल नाही असं कोण म्हणेल?

‘पारंपरिक’ची गोष्ट निराळी. सारवलेल्या भिंतीवर, बांबूच्या काडीचं टोक ठेचून, सवाशिणींनी लिहिलेला, मधोमध पालघट ही लग्नाची देवी असलेला चौक पारंपरिक. तो लग्नघराचा, विकायचा नव्हे. किल्लीच्या कीचेनवर हा शब्द शोभत नाही. ‘मूळ’ म्हणजे पहिली प्रत. एकाच हातची तारपा-नाचाची दहा चित्रं दहाही अस्सल असतात.

आता छापील नव्हे, ‘हातचं’ कसं ओळखायचं ते. तारप्याच्या फेऱ्यातली शेजारची दोन माणसं जवळून बघा. हातचं असेल तर रेघ सुरुवातीला भरदार आणि ब्रश कोरडा होत गेला तशी बारीक होते, त्रिकोणांची टोकं कमीजास्त जुळतात, नख फिरवलं की रंगाचा उंचवटा लागतो. छापील कापडावर रंग सपाट असतो आणि शेजारच्या नगावर तोच त्रिकोण तीच चूक घेऊन पुन्हा भेटतो. मात्र एवढ्याने ‘हातचं’ ठरतं, ‘अस्सल’ ठरत नाही. ठाण्यातल्या वर्गात शिकलेल्या, वारली नसलेल्या कुणाचंही चित्र ही परीक्षा पास होईल. ते ‘वारली शैलीचं’. त्याला बनावट म्हणू नये. बनावटीत फसवायचा हेतू लागतो. तेच चित्र ‘अस्सल’ म्हणून विकलं, तर मात्र बनावट.

म्हणून ‘अस्सल’ शब्द एकटा सोडू नका. पाटी अशी करा : ‘अस्सल वारली चित्र. चित्रकार : नाव, पाडा, तालुका. कापडावर गेरू आणि पांढरा पोस्टर रंग.’ नाव अर्थातच चित्रकाराला विचारून, आणि त्यांना हवं तसंच लिहा.