पेंच नदीवरच्या धरणांचं पाणी मिळतंय म्हणून नागपूरचा पाणीवापर वाढतच जाणार का?

शहराचा एकूण वापर वाढतो, पण माणशी वापर वाढलाच पाहिजे असं नाही; ते गळती, मीटर आणि दरावर ठरतं. बीजिंगला २०१४ च्या अखेरीपासून हजारावर किलोमीटरवरून कालव्याचं पाणी येतं, पण त्याच वर्षी तिथे जास्त वापराला चढा दर लागला. उपसा घटून भूजलही वर आलं. आपल्याकडे पिण्याला पहिला हक्क आहे (तो असावाच), म्हणून तुटीच्या वर्षी कात्री पेंचच्याच कालव्यावर भिजणाऱ्या पारशिवनी-मौद्याच्या धानावर चालते. टोकाच्या पाटचरीत (शेतापर्यंत जाणाऱ्या छोट्या कालव्यात) तेव्हा नुसता गाळ दिसतो. २०१९ ला पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं, तेव्हा नागपूरलाही दिवसाआड पाणी झालं. मात्र धरणातून उचललेलं सगळं पाणी वापर समजू नका, त्यात गळतीही असते. बिलात आलेलं पाणी वेगळं मोजा.